शिसं भरलेला फासा

काल मोरी तुंबली आणि त्या वासासरशी सुकापूरची जुनी खोली आठवली. तिथे मी आणि उरणचा सलीम भाड्याने राहायचो. दर रविवारी दोघांनी आपापला लुडोचा फासा टाकायचा; ज्याचं दान लहान, त्याने मोरीत हात घालायचा.

मी शहाण्याने गुपचूप माझ्या फाशाच्या सहाच्या ठिपक्यांत शिसं भरलं. जड बाजू खाली बसते आणि सहा खाली गेला की वर एक येतो, हे डोक्यातच आलं नाही! मला चार रविवार एक पडला. केसांचे बुळबुळीत पुंजके, आंबलेली शितं उपसताना ओकाऱ्या यायच्या, पण तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

पाचव्या रविवारीही एक पडला. सलीमने पँट दुमडली.

"सरक भाई, आज मी करतो. तुझं नशीबच बेकार आहे."

मी सरकलो. मोरीपेक्षा त्या सरकण्याचीच आता जास्त किळस येते.