गाठींच्या बाजूचं एक कडं

आमच्या शेजारचे सुतार आता प्रयोगशाळेत जातात. तिथे त्यांना सगळे घासूकाका म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी कपाटं घडवली. पुढे गुडघे कुरकुरायला लागले आणि झाडांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. काम एकच, खोडाच्या आडव्या चकत्या पॉलिश पेपरने आरशासारख्या घासायच्या. झाड वर्षाला एक कडं वाढवतं. पाऊस चांगला झाला तर रुंद, पावसाने ओढ दिली तर अरुंद. काका चकतीच्या मध्यापासून सालीपर्यंत पेन्सिलीची रेघ ओढून देतात आणि बाई त्या रेघेवर भिंगातून कडी मोजतात. दर दहा कड्यांमागे खुणेला सुईचा एक टोचा.

"जन्मभर लाकूड घासलं, पण आत पाऊस दडलाय हे कुणी बोललं नाही," असं काका मला कितीदा तरी म्हणाले असतील.

गेल्या महिन्यात डोंगरउतारावरच्या एका झुडपाची चकती आली. मनगटाएवढं खोड, पण वय एकशे चाळीसच्या घरात. बाकीची झाडं शंभर वर्षांवर थांबत होती. आधीची चाळीस वर्षं या एकट्या झुडपापाशी. बाई हरखून गेल्या. पण सालीकडून साठ कडी इतर झाडांशी पावलाला पाऊल जुळली आणि त्यापलीकडे सगळं एका वर्षाने सरकलेलं. शुक्रवारी लेख पाठवायचा होता. तोवर जुळलं नाही, तर झुडूप बाद आणि ती चाळीस वर्षंही गेली.

"माझ्या हातून एखादं कडं घासून गेलं का हो बाई?"

"काका, कडं म्हणजे वरून दिलेला रंग नाही. कितीही घासा, खाली तेच निघणार."

तरी काकांच्या जिवाला चैन नव्हतं. बुधवारी संध्याकाळी वर्तमानपत्र परत करायला मी त्यांच्याकडे गेले, तर ते जेवणाच्या ताटात बोटाने गोल काढत बसले होते.

"बघा ना," काकू मला म्हणाल्या, "ताट घासायला घेतलंय यांनी. एवढं लक्ष कधी माझ्याकडे दिलं असतं तर! लग्नाच्या फोटोतसुद्धा मला डावा गाल पुढे करूनच उभं केलं. उजव्या गालावर व्रण आहे ना. यांना आपली देखणी बाजू पुढे हवी, गाठी भिंतीकडे."

काकांचं बोट थांबलं. "काय म्हणालीस?"

"खरं तेच म्हणाले."

"अगं, रेघ मी गुळगुळीत बाजूलाच ओढतो. कायम. सुताराचा हात तो! गाठींची बाजू मी नीट घासलीसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचं दार उघडायच्या आधी ते पायरीवर हजर. वेडीवाकडी बाजू आधी जाड पेपरने, मग बारीक, मग त्याहून बारीक अशी घासली. भिंग धरलं. साठाव्या कड्याच्या आत केसाएवढं एक कडं! त्यांनी सुईच्या टोकाने गोल फिरत त्याचा माग काढला. गुळगुळीत बाजूशी येईतो ते विरत विरत नाहीसंच झालं. त्या कोरड्या वर्षी झुडपाने त्या अंगाला लाकूड धरलंच नव्हतं.

बाई बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. मग सुई त्यांनी काकांच्या हातात दिली. "या कड्याला खूण तुम्हीच करा."

नवी रेघ गाठींवरून गेली. बाईंनी पुन्हा सगळं मोजलं आणि झुडपाच्या कड्यांचा आलेख इतर झाडांच्या आलेखावर ठेवला. खाच खाचेवर बसली.

दुपारी काका जिना दोन-दोन पायऱ्या घेत चढताना मला दिसले. गुडघ्यांची आठवणही नसावी.

"बसली! चाळीसच्या चाळीस वर्षं बसली. झुडूप लेखात गेलं. आता प्रत्येक चकतीवर दोन रेघा ओढणार, दुसरी गाठींवरून."

काकू दारातच उभ्या होत्या. "ऐकलं. जिन्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. मग आता माझा एक फोटो काढा, उजवीकडून."

काकांनी खिशातून फोन काढला, चष्मा सारखा केला आणि काकूंना हाताने जरासं उजेडाकडे वळवलं.