तुरटीच्या बांगड्या

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मी सतरा वर्षांची होते आणि अख्ख्या गावात अक्कल ती काय मलाच, अशी माझी खात्री होती.

माझ्या बाबांनी मंगरूळपीरच्या बाजारातून कचकड्याच्या, म्हणजे सेल्युलॉइडच्या, सहा हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. सासरचा भाजीचा मळा. वांग्याच्या वाफ्यात खुरपताना काचेच्या बांगड्या रोज फुटायच्या. ह्या मात्र आपटल्या की वाकायच्या आणि पुन्हा गोल. मी हात नाचवत फिरायचे.

मग शेजारच्या वहिनींच्या कचकड्याच्या बांगडीला चुलीशी जाळ लागला. भपकन पेटली, मनगट भाजलं. माझ्या सासूबाई मला म्हणाल्या, "काढ त्या. नाही तं चुलीपाशी येऊ नोको."

"चार दिवस द्या, आत्याबाई. मी त्याइले न जळणाऱ्या करतो."

नाटकवाले पडदे तुरटीच्या पाण्यात बुडवतात म्हणजे ते पेटत नाहीत, असं आमच्या यांनी कधीतरी सांगितलं होतं. बस. मी एक बांगडी दोन दिवस तुरटीच्या पाण्यात ठेवली, वाळवली आणि निखाऱ्याला लावली. फुस्स! राखसुद्धा धड उरली नाही. कापड पाणी पितं, कचकडा पीत नाही, हे त्या दीडशहाणीला कोण सांगणार?

उकळत्या पाण्यात कचकडा मऊ पडतो, हे मला मग कळलं. दुसरी बांगडी मऊ केली, तुरटीची पूड टाकून सासूबाईंच्याच लाटण्याने लाटली. तुकडा निखाऱ्यावर टाकला; पेटलाच. तिसरीत पूड दामदुप्पट. या वेळी भपका नाही! तडतडत, कुरकुरत, सावकाश जळाली. मी आनंदाने ओरडले. उरलेली गोल वाकवायला गेले, तर कट्ट. पांढरट, ठिसूळ, वाळल्या पापडासारखी.

"फुटली," मी रडकुंडीला आले.

"फुटली नोको म्हणू. वाढली म्हणा लागते."

"आन जळली तं काय म्हणाचं, आत्याबाई?"

त्यांनी असं पाहिलं की मी पुन्हा पाणी उकळायला ठेवलं.

चौथीत पूड मधल्या मापाची. ती जळालीही आणि मोडलीही. लाटणं आपटलं मी. तुरटी कमी घातली तर आग, जास्त घातली तर काच. मग काचेनं काय घोडं मारलं होतं?

चार दिवस संपले. कासारीण आली, तिनं माझे दोन्ही हात काचेनं भरले. उरलेल्या दोन कचकड्याच्या सासूबाईंनी उचलल्या.

"तुमी घालता?"

"मले कुठी चुलीपाशी बसा लागते आता? मी तं मळ्यातच रायतो."

त्यांचा पंजा रुंद, बांगडी काही चढेना. तेव्हा आधणाचं पाणी पुढे करून "बांगडी यात धरा, मऊ होते" असं सांगणारी शहाणी कोण, ते विचारू नका.