एकशे चार पौंड

माझ्या दिरांचा असा समज आहे की जे काट्यावर ठेवलं जात नाही त्याला वजन नसतं.

समज त्यांचा एकट्याचा नाही. अमेरिकेतल्या आमच्या लोकांच्या घरात एक वेळ देवघर नसेल, पण बॅगा लटकवून तोलायचा हुकाचा काटा असतोच. भारतात जायचं ठरलं की तो बाहेर निघतो. बॅग पन्नास पौंडांच्या वर गेली की तिच्यातलं काढून दुसरीत, दुसरीतलं पर्समध्ये, पर्समधलं जॅकेटच्या खिशात. मीही हे केलं आहे. दीर मात्र त्यात वस्ताद आहेत. खांद्यावरची बॅग कितीही जड असली तरी काउंटरवरच्या बाईकडे बघून हसरा चेहरा ठेवायचं त्यांना बरोबर साधतं. विमानात हे खपून जातं, कारण विमान मोठं असतं. नदीतली बोट लहान असते.

आम्ही मिशिगनमधल्या नोव्हायला राहतो. मी गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते; दिवसभर माझ्यासमोर मापं असतात आणि ती चुकलेली मला चालत नाहीत. दीर आणि जाऊ टेक्सासमध्ये, शुगर लँडला. गेल्या वर्षी सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या. मी त्यांना आई म्हणते. एका दुपारी शेंगा सोलताना मी त्यांना सहज विचारलं, की अमेरिकेत आणखी काय बघायचंय? त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाल्या, "जंगल."

मला हसू आलं. माझे सासरे वनखात्यात रेंजर होते. आईंचं अर्धं आयुष्य विदर्भात, जंगलाच्या कडेच्या क्वार्टरमध्ये गेलं. त्या म्हणाल्या, "क्वार्टर कडेलाच होतं ना गं. साहेब लोक यायचे, जीप भरायची. मी डबे करून द्यायची. हे दर वेळी म्हणायचे, आज जागा नाही, पुढच्या खेपेला नेतो. साहेबांचं कुत्रं मात्र मागच्या सीटवर बसून जायचं. जंगल मी परत आलेल्या डब्यांतच पाहिलं. तळाला पानं चिकटलेली असायची."

एवढं सांगून त्यांनी पुढची शेंग घेतली. मी मात्र त्या रात्री लॅपटॉप घेऊन बसले.

अलास्काच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात असं एक जंगल आहे, जिथे जवळजवळ रोज पाऊस पडतो. थंड, पण पावसाचं जंगल. त्यात आत एक लॉज आहे. रस्ता नाही, नदीतून वर जायचं, तेही एका खास बोटीने. तिला खाली पंखा नसतो. इंजिन पाणी आत ओढतं आणि मागून जोरात फेकतं, त्यामुळे उथळ पाण्यातून ती जाऊ शकते. पण जड झाली की तळ खडीवर घासतो. म्हणून लॉजवाल्यांनी आधीच बजावलं होतं: प्रत्येकाचं खरं वजन कळवा, आणि सामान माणशी तीस पौंड.

दिरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, आम्हीपण येतो. आईबरोबर फॅमिली ट्रिप होईल." मला बरं वाटलं. ते खोटं कशाला सांगू?

मी आम्हा तिघांना घरच्या काट्यावर उभं केलं. मी एकशे एक्केचाळीस, नवरा एकशे अठ्ठ्याहत्तर, आई एकशे चार. बॅगा तीन, प्रत्येकी बरोबर तीस. आईंसाठी शाकाहारी जेवण मिळेल ना, हे फोन करून दोनदा विचारलं. वरण-भात नाही, पण सूप, ब्रेड, बटाटे, बीन्स, अंडं न घातलेला केक, सगळं मिळेल म्हणाले. दिरांना हे सगळं मेसेज करून कळवलं. त्यांनी अंगठा पाठवला.

मेच्या शेवटी आम्ही पाचजण, जिथून ती बोट सुटते त्या धक्क्यावर उभे होतो. पाऊस इतका बारीक की तो दिसत नव्हता, फक्त चष्म्यावर जमत होता. बोट चालवणारी बाई पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तिने सांगितलं की वर डोंगरात अजून बर्फ वितळायला लागलेलं नाही, पाणी कमी आहे, शिवाय लॉजसाठी गॅसच्या टाक्या न्यायच्या आहेत. त्यामुळे आज माणसं आणि सामान मिळून नऊशे पौंड, त्याच्या वर एकही नाही. आम्ही कळवलेली बेरीज आठशे शहाण्णव होती, म्हणजे अडचण काही नव्हती. तरी तिने आम्हाला एकेक करून काट्यावर बोलावलं. मासळीच्या पेट्या तोलायचा, जमिनीतच बसवलेला मोठा काटा होता तो.

दिरांनी कळवलं होतं एकशे पंच्याऐंशी. काट्यावर दोनशे तीन आले. जाऊबाईंनी एकशे अडतीस कळवलं होतं, आले एकशे बावन्न. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, बूट आहेत ना." चौदा पौंडांचे बूट मी अजून पाहिलेले नाहीत.

मग त्यांच्या बॅगा. साठ पौंड हवे होते. एकशे पस्तीस भरले. कपड्यांच्या दोन बॅगा पन्नास, कॅमेरा, ट्रायपॉड आणि ड्रोनची पेटी सत्तावीस, आणि एक निळा कूलर, तो अठ्ठावन्न.

बाईने फोनवर बेरीज केली. मी मनात आधीच केली होती. एक हजार तीन.

"एकशे तीन पौंड कमी करा," ती म्हणाली. "परवा मी किराणा घेऊन पुन्हा वर जाणार आहे. जे काय राहील ते तेव्हा आणीन." एवढं सांगून ती टाक्या बांधायला गेली.

आम्ही तीनच रात्री राहणार होतो.

कोण आधी बोलेल याची मी वाट बघत होते. माझी कल्पना होती की दीर कान पकडतील, कूलर उघडतील, एखादा विनोद करतील. दीर आईंकडे वळले.

"आई, तुला नाहीतरी बोटीत मळमळतं ना गं?"

आईंना बोटीत मळमळत नाही. मी त्यांच्याबरोबर बोटीत बसले आहे. पण दीर बोलतच राहिले. "काल राहिलो ते हॉटेल मस्त आहे यार. हीटिंग आहे, टीव्ही आहे. आज-उद्या आराम कर. परवा ही बाई आणेल तुला. आम्ही तोवर वर सगळं सेट करून ठेवतो."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो नदीकडे बघत होता. त्या नदीत त्या वेळी बघण्यासारखं काहीही नव्हतं.

आणि आई म्हणाल्या, "राहते की. मला काय होतंय? तुम्ही जा."

खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त राग त्या क्षणी आला, आणि तो त्यांच्यावरच आला. इतक्या पटकन? कुणी नीट विचारायच्या आत? कोंबड्यांच्या खुराड्यासारखं त्यांच्या या शब्दांचं दार नेहमी उघडंच असतं. जरा पावलांचा आवाज झाला की शब्द बाहेर. माझ्या लग्नात जेवणाची शेवटची पंगत कमी पडली तेव्हा "मला भूक नाही." गाडीत सीट कमी पडली तेव्हा "मी घरी थांबते, कुणीतरी हवंच." आणि प्रत्येक वेळी समोरचे सगळे "छे छे, असं कसं" म्हणतात आणि तसंच करतात. या वेळी तर कुणी छे छेसुद्धा म्हटलं नाही. जाऊबाई म्हणाली, "आई किती ॲडजस्टिंग आहेत ना."

मी म्हटलं, "भाऊजी, कूलर खाली ठेवा."

"वहिनी, त्यात फूड आहे."

"तिथे जेवण आहे. मी कळवलं होतं."

"ब्रेड आणि सूपवर तीन दिवस? कमॉन."

"मग ड्रोन ठेवा."

"तो इथे उघड्यावर ठेवू? पावसात?"

"आईंना ठेवताय ते चालतं?"

नवरा माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "इथे सीन नको करूस. आई स्वतःच म्हणतेय ना." मी त्याला म्हटलं, "तू गप्प बस. म्हणजे आत्तापर्यंत बसलास तसाच." हे मी हळू म्हटलं नाही. बोटवाल्या बाईने मान वर केली. भाषा कळत नसली तरी भांडण कळतंच.

ती धक्क्यावर आली आणि सरळ आईंसमोर उभी राहिली. "तुम्हाला जायचंय का?" तिने इंग्रजीत विचारलं.

"शी इज फाइन," दीर म्हणाले. "शी विल कम लेटर."

"मी त्यांना विचारलं," बाई म्हणाली.

आईंना प्रश्न कळला होता. पण त्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं, बोटीकडे होतं. बोटीत तीन ओळींत सीट होत्या. पुढच्या ओळीत, काचेच्या मागे, जिथून नदी सगळ्यात चांगली दिसली असती, तिथे दिरांनी तो निळा कूलर आधीच नेऊन ठेवला होता. तो पडू नये म्हणून सीटचा पट्टाही लावला होता.

"ते काय आहे रे तिथे?" आईंनी विचारलं.

"अगं, खाण्याचं. कुकर, तांदूळ, तूरडाळ, तूप, लोणच्याच्या बरण्या, मेथीचे ठेपले. तुझ्यासाठीच तर आणलंय सगळं. तुला इथलं चालत नाही ना."

"माझ्यासाठी."

"मग कुणासाठी?"

"आणि मी हॉटेलात."

दीर चष्मा पुसायला लागले.

"मग तो भात खाणार कोण?" आईंनी विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही. भाजीवाल्याला भाव विचारावा तसं विचारलं. जाऊबाई हसली आणि मग आपण हसायला नको होतं असं तिच्या लक्षात आलं.

आईंनी छत्री मिटली, माझ्या हातात दिली, आणि त्या बाईकडे वळून म्हणाल्या, "आय गो." मग दिरांना म्हणाल्या, "तो कुकर काढ तिथून. मी बसते."

कूलर आणि ड्रोनची पेटी काढल्यावर पंच्याऐंशी पौंड कमी झाले. अजून अठरा हवे होते. दीर म्हणाले, आमच्या बॅगेत फक्त कपडे आहेत. म्हणून ते अठरा मी आणि नवऱ्याने आमच्या बॅगांतून काढले, ज्या मी घरी मोजून भरल्या होत्या. माझे दुसरे बूट, त्याचा जाड कोट, दुर्बीण, पुस्तकं. चूक ज्यांची होती त्यांचे कपडे कोरडे राहिले आणि मी दोन दिवस एकाच ओल्या बुटांत फिरले. याचा मला आजही राग येतो, आणि तो लहानसा आहे म्हणून मी तो सोडून देणार नाही.

नदीचं पाणी राखाडी होतं, चुलीतली राख दुधात कालवावी तसं. बाई बोट सरळ नेत नव्हती; कधी या काठाला, कधी त्या, पाण्याचा रंग बघत. दोनदा तळ खडीवर खरवडला. दोन्ही वेळा मी मनात म्हटलं, एकशे तीन पौंड. मग काठ जवळ आले. स्प्रूसची सूचिपर्णी झाडं, इतकी उंच की टोपी धरून वर बघावं लागे, आणि प्रत्येक फांदीवरून शेवाळ लोंबत होतं. पडलेल्या झाडांवर नवी झाडं उगवली होती. सगळीकडून पाणी गळत होतं. पुढच्या सीटवरून आईंनी मागे वळून एकदाही पाहिलं नाही. मी फक्त त्यांच्या लोकरी टोपीचा मागचा भाग बघितला, तो डावीकडे, उजवीकडे, वर होत होता.

लॉज लाकडाचा, साधा होता. रात्री टोमॅटोचं सूप आणि ताजा ब्रेड. आई दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या तेव्हा दीर म्हणाले, "आई, तुला खरंच आवडतंय?" आई म्हणाल्या, "छान आहे. कुकर बिचारा धक्क्यावर एकटा. त्याला मळमळत नसेल ना रे?"

नवरा हसला. मी नाही.

दुसऱ्या दिवशी दिरांनी आईंचा मोठ्या झाडाखाली फोटो काढला. झाडाला हात लावून उभ्या आहेत, रेनकोट पायघोळ. तो त्यांनी सगळ्या नातेवाइकांना पाठवला: "आईचं जंगलाचं स्वप्न आम्ही पूर्ण केलं." खाली पन्नास जणांनी हात जोडले. नवरा मला म्हणाला, "जाऊ दे ना, शेवटी आली ना ती." हे वाक्य मला त्या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त टोचलं. शेवटी आली, म्हणजे हिशोब मिटला. पण चार धडधाकट माणसं धक्क्यावर उभी होती, त्यांतले दोन आईंचे मुलगे, आणि वजन कमी करायचं म्हटल्यावर सर्वांत हलकं माणूस सर्वांत आधी आठवलं. ते बोट पोचल्याने पुसलं जात नाही. तसं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी काही बोललो नव्हतो." मी म्हटलं, "तेच."

परवाच्या बोटीने कूलर वर आला. कुणी उघडला नाही. जेवण झालेलं होतं.

परतायच्या सकाळी बोटीत लॉजवरच्या जुन्या, रिकाम्या टाक्या होत्या, पाणी जरा वाढलं होतं, आणि बाई म्हणाली की आता तोलायची गरज नाही. आम्ही बॅगा उचलेपर्यंत आई बोटीत चढल्यासुद्धा होत्या. पुढची सीट, काचेच्या मागे. पट्टा लावलेला. शेजारच्या सीटवर त्यांनी माझ्यासाठी छत्री आडवी ठेवली होती.

दीर कूलर घेऊन काठावर उभे राहिले. बाकीच्या सगळ्या जागा भरल्या होत्या, मागे गॅसच्या टाक्या बांधल्या होत्या. पाऊस त्यांच्या चष्म्यावर जमत होता.

"आई, हा कुठे ठेवू?"

आईंनी मागे न बघता सांगितलं, "मांडीवर घे."

अठ्ठावन्न पौंड. खाली येईपर्यंत ते कूलर मांडीवर घेऊन बसले होते. मला जराही वाईट वाटलं नाही.