ऐनाच्या झाडावरचं रिकामं मडकं

ती घटना मला आजही आठवते आणि आठवली की मान दुखते. मानेचं कारण शेवटी येईल. आधीच सांगितलं तर पुढचं कोण वाचणार?

तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. माझ्या मिशीचा दरारा असा, की मी राउंडला निघालो की हायवेवरच्या जाम गावच्या चौकात ट्रकवाले आपण होऊन सीटबेल्ट लावत, आणि क्लीनरला बेल्ट नसेल तर त्याला दोरीने बांधून घेत. हे खोटं वाटत असेल तर माझ्या हवालदाराला विचारा. तोही माझ्यासारखाच खरं बोलतो.

जामला आमचा एक खबऱ्या होता, चहाची टपरी चालवायचा. एके दिवशी त्याचा फोन आला. “साहेब, एक पास्टर उतरला अन् संग त्याची बायको हाय. लोखंडी पेटी हाय, दोघांनं बी उचलत नाई. कुठं जाता म्हणलं तं डोंगराकडच्या गोंडाच्या गावाचं नाव घेतलं. माल काही बरा दिसून नाई राह्यला.”

मी नोंद घेतली. पुढचे सहा महिने त्या गावातून एकच बातमी येत होती, नवरा-बायको बायबल शिकवतात. संध्याकाळी पंधरा-वीस बाया-माणसं जमतात, गाणी म्हणतात, पुस्तक वाचतात. त्यात गुन्हा काहीच नव्हता. पण पोलिसाला गुन्हा दिसला नाही की त्याचा संशय दुप्पट होतो. इतकं स्वच्छ कोण असतं?

मग एका शुक्रवारी सकाळी गावातला एक तिशीतला गडी ठाण्यात आला. गावच्या भुमक्याचा, म्हणजे गोंडांच्या पुजाऱ्याचा, तो पुतण्या.

“साहेब, आमचा देव चोरीले गेला. पास्टरनंच नेला. लोकं खवळून राह्यले. आयतवारी दुपारपर्यंत देव नाई आला तं त्याच्या घरावरचं एक कवेलू राहणार नाई, सांगून ठेवतो.”

त्यांचा कुळाचा देव म्हणजे भाल्याचं लोखंडी पातं, घुंगरं आणि एक चवरी. गावाबाहेर ऐनाच्या झाडाच्या बेचक्यात मातीच्या मडक्यात तो ठेवलेला असतो. भुमका त्या वेळी वर्ध्याच्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी भरती होता.

दोन पंच घेतले आणि पास्टरच्या घराची झडती घेतली. घर म्हणजे एक खोली, वर कवेलू, म्हणजे कौलं. पेटी उघडली तर आत पुस्तकं, पाट्या आणि एक बाजाची पेटी. एवढ्यावर मी थांबतो का? जमीन ताजी सारवलेली दिसली. ताजं सारवण म्हणजे खाली काहीतरी पुरलेलं, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. खणलं. गुडघाभर खणलं, एक बेडूक निघाला. तावातावाने उठलो तर खोलीच्या मधोमध टांगलेल्या कंदिलावर डोकं असं आपटलं की टोपी खड्ड्यात पडली. बेडूक टोपीत बसला. पंच हसले, पंचनाम्यात ते लिहिलं नाही.

पास्टरला चौकशीसाठी ठाण्यात आणलं आणि स्टेशन डायरीत तशी नोंद केली. माणूस चाळिशीचा, हाडकुळा, आवाज मऊ.

“देव तुम्ही चोरला?”

“नाही, साहेब.”

“कुठे आहे तो?”

“ते मी सांगणार नाही.”

माझी मिशी ताठ झाली. आयुष्यात हजार चोर पाहिले. चोर म्हणतो, मला माहीत नाही. निर्दोष माणूसही म्हणतो, मला माहीत नाही. हा म्हणतो, सांगणार नाही! खोटं बोलायचीही तयारी नाही.

“रविवारी तुमचं घर मोडतील. बायको एकटी आहे तिथे. मी गुन्हा दाखल केला तर तुम्ही जेलमध्ये जाल.”

त्याने दाराबाहेर गावाच्या दिशेने पाहिलं. पण बोलला एवढंच, “तिच्याजवळ एक शिपाई ठेवा, साहेब. माझं काय व्हायचं ते होऊ द्या.”

शिपाई ठेवला. पण मनात म्हटलं, पक्का आहे हा. सापडला!

शनिवारी जागेच्या पंचनाम्यासाठी ऐनाच्या झाडाकडे गेलो. गाव मागे मागे आलं आणि झाडाच्या वीस पावलं अलीकडे सगळं थांबलं. पंचही थांबले. मी म्हटलं, “अरे चला, वर चढून मडकं पाहा.” एक म्हातारी माझ्यावरच डाफरली, “येडा झाला का रे, ठाणेदार? तिथं भुमक्याबिगर कोणी जात नाई. सावलीतबी नाई.”

तेवढ्यात पुतण्या लांबूनच ओरडला, “काही पाहू नका साहेब, मडकं रिकामंच हाय!”

त्याच क्षणी माझ्या डोक्यात वीज चमकली, असं मी ही गोष्ट सांगताना दरवेळी सांगतो. खरं म्हणजे मी जीपकडे निघालो होतो. हवालदार कानाशी येऊन म्हणाला, “साहेब, झाडाखाली कोणी जात नाई, तं मडकं रिकामं हाय हे याले कसं समजलं?”

पुतण्याला जीपमध्ये बसवला. दारं लावली.

“मडकं रिकामं आहे हे तुला कुणी सांगितलं?”

“लोकं म्हणत होते.”

“कोणते लोकं? बाहेर उभे आहेत. एकेकाकडे बोट दाखव.”

त्याने काचेतून पाहिलं. बोट वर आलं नाही.

“वर काऊन चढला होता रे?” मी त्याच्याच बोलीत विचारलं. बोली बदलली की माणूस दचकतो.

दहा मिनिटांत तो ढसाढसा रडायला लागला. सडकेच्या कडेला त्याने सिमेंटचं मंदिर बांधायला घेतलं होतं. देव तिथे बसवायचा, स्वतः पुजारी व्हायचं. काका कधीच तयार होणार नाही. म्हणून काका दवाखान्यात असताना चढला. “पण मडक्यात काहीच नव्हतं, साहेब! पास्टरबिगर कोण नेईन? मी नाई चोरला, देवाची शप्पथ!”

“कोणत्या देवाची? तुमचा तर हरवलाय.”

चोरायला गेलेल्याच्या आधी कुणीतरी येऊन गेलं होतं. झाडाला हात लावू शकणारा माणूस एकच. जीप तशीच वर्ध्याला काढली.

म्हातारा खाटेवर बसलेला, एका डोळ्यावर हिरवी पट्टी.

“कोण होय?”

“ठाणेदार.”

“काऊन आला? माहा दुसरा डोळा चोरीले गेला का?”

मी सगळं सांगितलं. ऐकताना त्याचं हसू मावळलं.

“तो मीच देल्ला त्याले. ठेवाले.”

“पास्टरला? तुमचा देव?”

“मंग कोणाले देऊ? पुतण्याले देल्ला असता तं सडकेवर बसवला असता. माह्या कुळातल्या सगळ्याइले तो पाहिजे हाय. दुसऱ्या कुळाले मले देता येत नाई. सगळं गाव धुंडलं मनात. एकच मानूस निघाला ज्याले माहा देव नको हाय.” मग खाली पाय सोडत म्हणाला, “मी येईपर्यंत कोणाले सांगजो नको म्हणलं होतं. खरंच नाई सांगितलं का त्यानं? पोलिसालेबी?”

“नाही सांगितलं.”

“चप्पल दे माही.”

डॉक्टरांच्या शिव्या मी खाल्ल्या. त्यातल्या काही नवीन होत्या, वहीत लिहून ठेवल्या आहेत. रविवारी सकाळी भुमका आणि पास्टर, दोघांना जीपमध्ये घालून गावात पोचलो. घरासमोर शे-दीडशे माणूस काठ्या घेऊन उभा. पास्टरची बायको दारात, शेजारी माझा शिपाई, तिच्याहून जास्त घाबरलेला. म्हाताऱ्याला पाहून गर्दी फाटली.

“देव कुठं हाय?” भुमक्याने विचारलं.

पास्टरने वर बोट दाखवलं.

आढ्याला, नेमका त्या कंदिलाच्या वर, पांढऱ्या फडक्यातलं गाठोडं टांगलेलं होतं. मी गुडघाभर जमीन खणली, कंदिलावर डोकं फोडून घेतलं, पण मान वर केली नाही.

“जमिनीले टेकला नाई न?”

“नाही, बाबा.”

“अन् दिवा?”

पास्टर माझ्याकडे वळला. “रोज दिवा लाव म्हणाले होते. मी म्हटलं, ते माझ्या हातून होणार नाही. मग म्हणाले, तू वाचायला बसतोस तेव्हा कंदील त्याच्या खाली टांग, तेवढं पुरे. तेवढं केलं.”

म्हाताऱ्याने गाठोडं उतरवून छातीशी धरलं. बाहेर पुतण्या मान खाली घालून उभा होता. “कोंबडा घेऊन मागं ये,” म्हातारा म्हणाला, “अन् झाडापासून वीस पावलं दूर थांबजो.” काठ्यावाले त्या दोघांच्या मागे निघाले. चारजण मात्र थांबले आणि मी खणलेला खड्डा बुजवू लागले. त्यात पंचही होते.

सगळ्या नोकरीभर मी एकच प्रश्न विचारत आलो, ही वस्तू हवी कोणाला होती? चोर त्यानेच सापडतो. पण वस्तू जपायची असेल तर प्रश्न उलटा विचारावा लागतो, हे मला त्या एका डोळ्याच्या म्हाताऱ्याने शिकवलं. तेव्हापासून कुठल्याही खोलीत शिरलो की मी आधी आढ्याकडे बघतो. मानेचं दुखणं ते.

आता वर्ध्याजवळ पिपरी मेघेला राहतो. बाहेरगावी जाताना घराची किल्ली देतो ती समोरच्या निवृत्त मास्तरांकडे. त्यांना माझं घर नको, माझा सल्ला नको, आणि माझ्या गोष्टी तर मुळीच नकोत. किल्ली घेतात आणि दार लावून घेतात.