वीतभर हत्यारं

मूल गावात आमचं खरादाचं दुकान. बाबांनी तिथे आयुष्यभर लाकूड कातलं. मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला आणि घरात ठरलं की खराद मोडून त्याची मोटर राइस मिलवाल्याला देऊन टाकायची. मी म्हटलं, मी चालवते. सगळे हसले. बाबा हसले नाहीत, त्यांनी अट घातली.

"कुंकवाची डबी कातून दाखव. झाकण उचललं का खालची डबी संगं उचलली पायजे. मंग खराद तुया."

अशा डबीचं झाकण इतकं नेमकं बसवावं लागतं की आत कोंडलेली हवाच खालच्या भागाला धरून ठेवते. उमेदीत बाबांनी अशा कितीतरी कातल्या होत्या. मोटर आल्यापासून मात्र पलंगाचे पायच जास्त. माझ्या हातून ओळीने तीन डब्या फुटल्या.

बाबांच्या पटाशांच्या मुठी हातभर लांब. लिंबाएवढ्या डबीच्या तोंडाशी टोक नेलं की मुठीचं दुसरं टोक माझ्या बरगडीत ढोसायचं आणि पातं भरकटायचं. पण लांब मूठ म्हणजे पक्का कारागीर, असं आमच्या घरात सगळेच मानत. मीसुद्धा.

चौथी फुटली तेव्हा माझं डोकं फिरलं. "बाबा, एवढी लांब मूठ ठेवता तरी काऊन?"

"पायानं दाबाले," ते सहज म्हणाले. "तुई माय दोरी ओढून खराद फिरवे, मी जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्यानं पटाशी धरो."

आणि बोलता बोलता तेच थबकले. मोटर येऊन, खराद टेबलावर चढून, उभ्याने काम सुरू होऊन किती वर्षं झाली होती. मुठी मात्र पायाच्याच मापाच्या राहिल्या होत्या. मला हसू आवरेना.

चामोर्शीच्या आठवडी बाजारात एक लोहार जुन्या कानशी ठोकून हत्यारं करतो. मी त्याच्यासमोर बैठक मारली. एकेक मुठीत धरायचं आणि बघायचं, मनगटावर ताण न येता टोक हवं तिथे जातंय का. जड ते बाजूला. पातं लवलं तर तेही बाजूला.

"बाई, भाजी निवडून राह्यली का?" लोहार वैतागला.

तासाभराने तीन निवडली, तिन्ही वीतभर. झाकण कापून सुटं करायला अरुंद, आत कोरायला गोल तोंडाचं आणि कोपऱ्यासाठी वाकडं.

बाबांनी ती उलटसुलट केली. "दात कोराले चांगले हाय."

मी हळदूच्या लाकडाचा वाळलेला तुकडा खरादावर चढवला. हत्यार कामाच्या इतकं जवळ होतं की लाकूड कुठे कच खातंय ते बोटांना आधी कळत होतं. झाकण एकेक केस कमी करत बसवलं आणि डबी बाबांपुढे ठेवली.

त्यांनी थरथरत्या हाताने झाकण उचललं. डबी संगं आली. हात हलत होता, डबी हलत होती, पण सुटत नव्हती. मला त्या दिवशी गावभर फिरून सांगावंसं वाटलं, आणि मी सांगितलंही.

परतले तेव्हा बाबा करवत घेऊन बसले होते. त्यांच्या सगळ्या पटाशा समोर मांडलेल्या.

"पंजा दाखव," ते म्हणाले. माझ्या हाताचं माप घेऊन त्यांनी पहिल्या मुठीवर पेन्सिलीने खूण केली, आणि कापायला ती माझ्याकडे दिली.