दादाच्या बोऱ्यावर

इस्तारीभाऊ आमच्या गावचे. चांद्याला माझ्या वसतिगृहाच्या फाटकाशी ते उभे दिसले तेव्हा वाटलं, दादानं काहीतरी खायला पाठवलं असेल. पण त्यांच्या हातात पिशवी नव्हती. "बाई, तुमचे दादा... पत्रुभाऊ गेले," ते म्हणाले. मी त्यांना तोंडावर सांगितलं, "खोटं बोलून राह्यले तुम्ही." नागभीडच्या छोट्या गाडीत धक्के खात आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला असं बोलले मी... कारण दादानं स्वतः मला सांगितलं होतं की तो बरा आहे, आणि आमचा दादा खोटं बोलत नसे. महिना होत आला. अजूनही सकाळी डोळे उघडले की आधी मी मनानं त्या फाटकाशीच उभी असते.

दीक्षेआधी दादा काही सत्याचा पुतळा नव्हता. ब्रह्मपुरीच्या बैलबाजारात तो दलालांच्याही वरताण थापा मारायचा आणि घरी येऊन त्या आम्हाला रंगवून सांगायचा. मग चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा झाली. आम्ही सगळे जाऊन आलो, पांढऱ्या लुगड्यांत, पांढऱ्या धोतरांत. गावात परतल्यावर मात्र शिकवायला कोणी नव्हतं. पंचशील तेवढं पाठ झालेलं. दादानं आपल्या मनानं ठरवलं की रोज सांजेला शील घ्यायचं तर दिवसभरात ते कुठं मोडलं हेही तिथंच सांगायला हवं. धान भरून ठेवायच्या ढोलीला टेकून तो गोणपाटाचा बोरा अंथरायचा. त्यावर बसून एकेकानं सांगायचं, आणि खोटं बोललेलं असलं तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाकडे जाऊन खरं सांगून यायचं. पुढं कधीतरी एक भन्ते गावात आले. हे ऐकून ते हसले. म्हणाले, असं भिक्खू करतात, संसारी माणसाला हा नियम नाही. दादा ओशाळला, पण म्हणाला, "आता सवय लागली भन्ते. राहू द्या आमच्या घरी."

त्या सवयीनं आमचा पार पिट्ट्या पाडला. एकदा दादानं चिखलात फतकल मारून बसणारा बैल चांगला म्हणून विकला. सांजेला बोऱ्यावर कबूल केलं, सकाळी त्या माणसाच्या गावी गेला आणि बैल परत घेऊन आला. धानाची रोवणी आली की तो बैल आमच्या चिखलाच्या बांधीत बसायचा, आणि दादा कमरेवर हात ठेवून त्याची समजूत काढायचा. वैनीचं तर मी कधीच विसरणार नाही. तिनं घरातले जुने देव वैनगंगेत सोडले असं सगळ्यांना सांगितलं होतं. एका सांजेला ती बोऱ्यावर बसली आणि रडायला लागली. "नाई सोडले मी. ढोलीतच हायेत. भेव वाटे मले." मला वाटलं आता दादा भडकणार. तो म्हणाला, "भेव वाटे तं सांगाचं होतं ना. सकाळी दोघं जाऊ." दोघं गेली. परत आली तेव्हा वैनीच्या पदरात नदीकाठची वांगी होती.

मला नवऱ्यानं टाकलं तेव्हा "नांदायला जा" म्हणणारे गावात पुष्कळ होते. दादानं विचारलं, "तुले जाचं आहे का?" मी नाही म्हटलं. त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही आणि मला शाळेत बसवलं. पोरांच्या मागं, दाराशी, लुगडं नेसून बसायची मी. फायनल पास झाले, चांद्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला नंबर लागला. निघायच्या दिवशी माझी लोखंडी पेटी दादानं डोक्यावर घेतली. मोटारीच्या थांब्यापर्यंत बांधावरूनच वाट आहे. अर्ध्यात त्यानं पेटी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. तोंड घामानं भिजलेलं.

"दादा, बरं नाई का तुले? नाई जात मी."

"बरा आहो मी. ऊन लागलं. चाल, मोटार जाईन."

आणि पेटी उचलून माझ्या पुढं चालायला लागला. एवढंच. माझं दादाशी झालेलं शेवटचं बोलणं हेच.

पेटी घेऊन इस्तारीभाऊंबरोबर घरी पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. कोणी काय सांत्वन केलं ते मला आठवत नाही. लोकांची ये-जा थांबली तेव्हा वैनीनं सांगितलं. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरनं दादाला आधीच बजावलं होतं की दुखणं छातीचं आहे, वजन उचलू नको. वैनीला त्यानं गप्प राहायला लावलं होतं. माझ्या हातातला गिलास तसाच राहिला... राग आला मला. मेलेल्या माणसाचा एवढा राग येतो हे मला ठाऊक नव्हतं. साऱ्या गावाला खरं सांगत फिरला आणि मला तेवढं खोटं?

"तू गेली त्या सांजी तो बोऱ्यावर बसला," वैनी म्हणाली. "म्हणे, आज मी खोटं बोललो. मी म्हटलं, मंग सकाळी जा, खरं सांगून ये. तं म्हणे, नाई. हे एक मी वापस घेत नाई. खरं सांगतलं तं पोरगी शिकाचं सोडून घरी येऊन बसन."

आता मी चांद्याला जाणार नव्हतेच. वैनी एकटी, रोवणी तोंडावर, आणि पुस्तक उघडायचंही मन होत नव्हतं. कोणी विचारलं की मी "जाईन ना" म्हणून वेळ मारून नेत होते. त्या सांजेला वैनीनं दिवा लावला आणि ढोलीपाशी बोरा अंथरला. दादा गेल्यापासून ती रोज अंथरते. मधोमध त्याच्या बसण्यानं विरलेला आहे.

"जाशीन ना चांद्याले?" तिनं विचारलं.

"जाईन ना."

"इथी बसून सांग."

मी उभीच राहिले. वैनी वात सारत बसली, तिनं वर पाहिलं नाही. मग मी बोऱ्यावर बसले, ढोलीला पाठ टेकली आणि म्हटलं, "जातो मी, वैनी."

दुसऱ्या दिवशी पेटी आम्ही दोघींनी मिळून उचलली.