गोळ्यांचं बाळसं

माझ्या लग्नात नवरदेव बदलल्याचा बोभाटा झाला, तेव्हा तो बदललेला नवरदेव मीच होतो.

आमचं गाव कोरीट. घरची मिरची आणि मला दमा! पथारीवर मिरची वाळत पडली की मी घरात धापा टाकत बसायचो. साठ सालानंतर कधीतरी नंदुरबारच्या डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या आणि छाती मोकळी झाली. त्या थोडेच दिवस घ्यायच्या होत्या. पण गुण येतोय तर सोडायच्या कशाला, म्हणून जुन्याच चिठ्ठीवर मी त्या वर्षभर चालू ठेवल्या. (घरात शिकलेला मी एकटाच, त्यामुळे मला अडवणार कोण?)

चेहरा परातीसारखा गोल झाला. पोट सुटलं. भूक तर अशी की जेवून उठताना पुढच्या जेवणाची चौकशी करायचो. आई मात्र हरखली होती.

"मन्ह्या पोऱ्याले बाळसं धरनं," ती गावभर सांगत सुटली आणि त्याच भरात मला मुलगी पाहायला नेलं.

मुलगी तापीकाठच्या सधन घरची. कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात ती खाली मान घालून बसली आणि मला पाहताक्षणी आवडली. मग खापरावरचे मांडे आले. मी मागून मागून इतके खाल्ले की स्वयंपाकघरातलं पुरण संपलं. सासरे खूश!

"भरेल अंगना शे. खातापिता घरना दिखस," ते म्हणाले आणि लग्न ठरलं.

पुढे जुनी चिठ्ठी फाटली म्हणून नवी मागायला गेलो, तर डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले.

"वर्षभर घेताय? अहो, ही तब्येत नाही, सूज आहे. आणि आता एकदम सोडू नका. मी सांगेन तशा हळूहळू कमी करा."

तशा केल्या. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर लग्न होतं, तोवर परातीची वाटी झाली. आधीच्या मापाने शिवलेला कोट माझ्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागला.

वरात मांडवात पोचली. सासऱ्यांनी मला खालून वर पाहिलं, मग वरून खाली पाहिलं.

"हाऊ तो पोऱ्या नही शे."

"दादा, तोच शे," माझे वडील म्हणाले. "गोया कमी कयात म्हनीसन उतरना."

"गोया खाईसन कोनी जाडं व्हस का? जाडा दखाडा नि बारीक लयनात!"

मांडवात कुजबुज सुरू झाली. वाजंत्री थांबली. आता हे लग्न मोडणार, असंच दिसू लागलं. तेवढ्यात सासऱ्यांना युक्ती सुचली.

"जेवाडा त्याले. आत्ते समजी."

ताट आलं. (नवरदेवाने लग्न लागण्याआधी जेवायचं नसतं, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.) पण गोळ्यांबरोबर ती भूकही गेली होती! दुसरा मांडा तोंडात फिरू लागला. आई कानाशी पुटपुटत होती, "खाय रे भाऊ, खाय." मी घास गिळला, ठसका लागला आणि सासरे उठून उभे राहिले.

"दादा, हाऊच तो," आतून आवाज आला. नवरी दाराशी आली होती. "तुम्ही तोंड देखं. मी खाले मान घालीसन पाय देखात. तेच पाय शेतस."

ते खरंच होतं. गोळ्यांनी तोंड आणि पोट फुगवलं, पाय होते तसेच काटकुळे राहिले होते. सासरे खाली बसले आणि वाजंत्री पुन्हा सुरू झाली.

मला आनंदाने रडूच आलं. भर मांडवात जिने मला पायांवरून ओळखलं, तिला मी किती आवडलो असेन! बरीच वर्षं मी याच घमेंडीत होतो. एकदा जेवताना मी तिला विचारलंच, "त्या दिवशी तू मला पायांवरून ओळखलंस ना?"

"तुम्ही मले देखाले उनात तव्हय पाय ते अंधारामा दिखनातच नहीत," ती मांडा फिरवत म्हणाली. "पन त्या दिनले समदा मांडा मीच करेल व्हतात. त्या गोल तोंडवालासंगे लगीन करीसन जलमभर मांडाच करत बसू का मी? मांडवमा तुमले दुसरा मांडा उतरना नही, तव्हयच म्हनं, हाऊच बरा."

मी तिसऱ्या मांड्यासाठी ताट पुढे केलं होतं. ते हळूच मागे घेतलं.